ओल कोठून येते?

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याच्यावर राहत्या घराची दुरुस्ती करून घेण्याचा प्रसंग आला नसावा. नाहीं तर या दोहोंच्या जोडीला त्यानें तिसरें एक कलम खास घातलें असतें. घर बांधतांना मनुष्य दुसरीकडे राहत असतो. दुरुस्तींत मात्र त्याच घरांत, त्याच धुळींत आणि आपल्याच माणसांच्या त्रासलेल्या मुद्रांसमोर दोन वेळां जेवावें लागतें.

आमची इमारत कोथरुडांत १९८६ सालीं बांधलेली. सहकारी गृहसंस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें १५ ते ३० वर्षें वयाच्या इमारतीची दर ५ वर्षांनीं, आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनीं तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी लागते. तशी ती यंदा झाली, आणि आमच्या दोन लगतच्या फ्लॅटांपैकीं एकाच्या छताचें प्लास्टर उतरवावें असें ठरलें. थोरले बंधु व वहिनी, आम्ही उभयतां, दोन मुलगे, दोन सुना आणि एक नातू, अशीं नऊ माणसें उरलेल्या फ्लॅटांत येऊन राहिलीं. माझ्या संस्कृत कोशांवर वहिनींच्या लोणच्याच्या बरण्या विराजमान झाल्या.

याच सुमारास धाकट्या चिरंजिवांची नोकरी सुटून दोन महिने झाले होते. संगणकावरील कामाची चांगली जागा होती. पण कंपनीनें एक विभागच बंद केला आणि त्याबरोबर हाही मोकळा झाला. मी १९७३ सालीं जुनी अकरावी मॅट्रिक झालों, संस्कृत शिकलों, अध्यापनाची पदविका घेतली आणि स्वहस्ताक्षरांत एक अर्ज लिहून मुख्याध्यापकांना भेटलों. त्यांनीं दोन श्लोकांचा अन्वय विचारला. पुढच्या सोमवारीं मी वर्गावर होतों. आजचा अर्ज पुष्कळदां प्रथम यंत्र वाचतें. जाहिरातींतले शब्द अर्जांत न आढळल्यास तो मनुष्याच्या दृष्टीसही पडत नाहीं. नकाराचें पत्र तरी यावें, तेंही बहुधा येत नाहीं. उमेदवारानें मौनावरूनच अर्थ काढावयाचा.

घरांत मात्र या विषयावर कोणी बोलत नसे. वहिनी धुळीवरून बोलत, थोरली सून एकाच न्हाणीघरावरून बोले, बंधु ठोकाठोकीच्या आवाजावरून कुरकुरत. धाकटी सून कांहींच बोलत नसे. चहांत साखर कमी पडली तरी त्याचा दोष मिस्त्र्याच्या माथीं जाई.

हा मिस्त्री सोलापुराकडील, वयानें पन्नाशीचा. तो हातोडीनें छतावर ठिकठिकाणीं टकटक करी आणि कान देऊन ऐके. ‘हितं पोकळ बोलतंय, गुरुजी,’ असें म्हणून खडूनें खूण करी. देवघराच्या कोपऱ्यांत मोठी ओल होती. गच्चीला तडा गेला असेल तर तो बरोबर तिच्यावरच, असें आम्हां सर्वांचें मत. तो म्हणाला, ‘ओल दिसतीय हितं, पण पाणी दुसरीकडनंच घुसतंय.’ त्यानें गच्चीचा एकेक भाग बांध घालून पाण्यानें भरून ठेवला. तिसऱ्या दिवशीं उलगडा झाला. दुसऱ्याच टोकाला, नळाच्या बुंध्याशीं कोबा फुटला होता. तेथून शिरलेलें पाणी स्लॅबमधल्या विजेच्या तारांच्या नळींतून वाहत देवघरापर्यंत येई. वाटेंतल्या सळया गंजल्या होत्या. गंज हा मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो; म्हणून आंतून दाब येऊन काँक्रीट फुटतें.

न्यायशास्त्रांत पर्वतावरील धुरावरून अग्नीचें अनुमान शिकवितात. धूर जेथें दिसतो तेथेंच अग्नि असतो, म्हणून तें अनुमान टिकतें. ओलीचें तसें नाहीं. आणि माणसांच्या चिडचिडीचेंही तसें नाहीं, हें त्याच आठवड्यांत दिसून आलें.

गुरुवारीं अकरा वाजतां चिरंजिवांची संगणकाच्या पडद्यावरून मुलाखत होती. शेजारच्या खोलींत छिन्नी चाललेली. सूनबाईंनीं जाऊन सांगतांच मिस्त्र्यानें दोघां मजुरांसह हत्यारें खालीं ठेविलीं आणि दीड तास जिन्यांत बसून राहिला. त्या वेळाची मजुरी त्यानें मागितली नाहीं. मीं विचारलें तेव्हां एवढेंच म्हणाला, ‘आम्ही बी रोज सकाळी नाक्यावर हुबं राहूनच कामाला लागलो, गुरुजी.’

रात्रीं पानावर बसल्यावर चिरंजीव आपण होऊन बोलले, ‘नाना, आजवर ६१ अर्ज केले. चार ठिकाणी बोलणं झालं. आजचं पांचवं.’

क्षणभर सगळे स्तब्ध झाले. मग वहिनी म्हणाल्या, ‘अरे, मग इतके दिवस सांगितलं का नाहीस?’

‘सांगण्यासारखं कांही घडलं की सांगणार होतो, काकू.’

‘न घडलेलंही घरांत सांगायचं असतं. दुरुस्तीचा तुझा वाटा आमच्या पेन्शनींतून जाईल. नोकरी लागली की दे.’ असें म्हणून त्यांनीं त्याच्या पानांत आणखी भात वाढला. बंधूंनीं मान हालविली. धाकटी सून तूप आणावयास म्हणून आंत गेली, ती बऱ्याच वेळानें बाहेर आली. दुसऱ्या दिवसापासून धुळीची तक्रार मीं ऐकली नाहीं. धूळ होती तेवढीच होती.

आतां नवें प्लास्टर झालें आहे. सिमेंट वाळून घट्ट होतें अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तें पाणी घेऊन घट्ट होतें. म्हणून निदान सात दिवस त्यावर पाणी मारावें लागतें, आणि काँक्रीटचें बळ तर २८ दिवसांनीं मोजण्याचा प्रघात आहे. पाणी मारण्याचें काम चिरंजिवांनीं आपल्याकडे घेतलें आहे. सकाळीं अर्ज, मग पंप घेऊन छताला पाणी, असा त्याचा क्रम आहे. मुलाखतीचें उत्तर अद्यापि आलेलें नाहीं. पण काल बासष्टावा अर्ज धाडण्यापूर्वीं त्यानें तो मला वाचून दाखविला, आणि त्यांतला एक शब्द मीं बदलून दिला.