शेत परत करताना

आमच्या क्रिकेटचा हंगाम नांगर संपवतो. गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा भात कापून मोकळ्या झालेल्या शेतांत भरतात. कापणी उरकली की खुंट उपटायचे, खेळपट्टीपुरती माती पाणी मारून चोपायची, फक्की ओढायची आणि जत्रांच्या दिवसांबरोबर सामने सुरू करायचे. वैशाखात शिरगावच्या लईराईची जत्रा आली की कित्येक खेळाडू धोंड म्हणून व्रताला बसतात. तेव्हा डिचोलीकडे कुणी सामने ठेवत नाही. पुढे मृग जवळ आला की शेतमालक सांगून पाठवतो आणि मी माईकची वायर गुंडाळतो. पूर्वी कर्ण्यावरून आणि आता यूट्यूबच्या थेट प्रक्षेपणातून मी या सामन्यांची कॉमेंट्री करतो. दर वर्षी हंगाम सरताना आपण कुणाकुणाचं देणं लागतो ते आठवत बसतो, आणि पहिली आठवण सरांचीच येते.

सर मराठी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, आमचे स्कोअरर. माझ्या हाती माईक देताना त्यांनी एवढंच सांगितलं होतं, "बॉल पडूंक दी, मागीर उलय." शेतातल्या मैदानावर या वाक्याला फार किंमत आहे. फटका कितीही जोरात बसला तरी चेंडू बांधावर आपटून मागे येतो, खुंटांत अडकून थांबतो, माडाला लागला तर तिथल्या नियमाने दोनच धावा मिळतात. चौकार म्हणून आधीच ओरडलेला माणूस पाचशे लोकांसमोर खोटा ठरतो. सर प्रत्येक चेंडू वहीत उतरवून मान हलवायचे आणि मग मी बोलायचो. नवा फलंदाज आला की त्यांची चिठ्ठी सरकत यायची: पोरगा कुठल्या वाड्यावरचा, मागच्या वर्षी कुणाविरुद्ध किती धावा, त्याचा काका कोणत्या संघातून खेळायचा. लोक मला म्हणत, काय हो तुमची स्मरणशक्ती! ती सरांची होती. मी तसं माईकवरून सांगायला गेलो की ते पेन्सिलीने टेबलावर ठोकून मला पुढच्या षटकाकडे वळवायचे.

नोव्हेंबर 2024 मध्ये पर्वरीच्या मैदानावर अरुणाचल प्रदेशविरुद्ध गोव्याच्या स्नेहल कवठणकर आणि कश्यप बखले यांनी तिसऱ्या विकेटसाठी 606 धावांची अभेद्य भागी केली. स्नेहल नाबाद 314, कश्यप नाबाद 300, गोवा दोन बाद 727. रणजीच्या इतिहासात एवढी मोठी भागी आधी कुणी केली नव्हती. सर त्याच्या आधीच्याच पावसाळ्यात गेले. त्या रात्री मी त्यांच्या पद्धतीने, निळ्या आणि लाल पेन्सिलीने, तो धावफलक एका कोऱ्या पानावर उतरवून काढला. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

बोलण्याचं वळण मात्र मला रंगमंचावरून मिळालं. पेडण्यात वाढलेल्या माणसाला दशावतार शिकवावा लागत नाही. जत्रेच्या रात्री पेटी, पखवाज आणि झांज सुरू झाली की आम्ही पोरं पुढच्या रांगेत. पुढे कळलं की या नटांच्या हाती लिहिलेली संहिता नसते. रंगपटात तोंडाला रंग लावता लावता कथानक ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे जन्माला येतात. सुधीर कलिंगण यांच्यासारखा नट समोरच्याच्या शेवटच्या शब्दावरून आपलं वाक्य उचलायचा आणि ते राजाच्या तोंडी शोभेल अशा मराठीत पार पोचवायचा. 2022 मध्ये ते गेले. दोन चेंडूंमधली मोकळी जागा कशी भरावी आणि कधी मोकळीच ठेवावी, हे मी त्या रात्रींतून शिकलो. बांद्याचा आणि पार्स्याचा संघ समोरासमोर आला की माझ्याही आवाजात तो राजदरबार येतो. लोकांना तो आवडतो, कारण त्यांचेही कान तिथेच घडले आहेत.

वडिलांच्या ट्रान्झिस्टरवरून बाळ ज. पंडित ऐकले. आकाशवाणीवर मराठी क्रिकेट कॉमेंट्री रुजवणारा हा माणूस. तो बोलू लागला की न पाहिलेलं मैदानही आम्हाला दिसायचं. आणि वि. वि. करमरकर: महाराष्ट्र टाइम्समध्ये त्यांनी खेळाचं पान उभं केलं, त्यात कबड्डी आणि खो-खोलाही मानाने जागा दिली. गावातल्या सामन्याला पूर्ण गांभीर्याने बोलावं, ही हिंमत मला त्यांच्याकडून आली.

एक ऋण डिचोलीचं आहे. तिकडच्या स्पर्धांची मोठी बक्षिसं खाणींवरचे ट्रकमालक द्यायचे. 2012 साली खाणी थांबल्या, पुन्हा थोड्या चालू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2018 च्या मार्चमध्ये परत थांबल्या. दारात उभ्या ट्रकांचे हप्ते थकले. तरीही एका गावाने त्या वर्षी स्पर्धा सोडली नाही. करंडकाच्या जागी नारळ, तांदूळ आणि एका घरचा कोंबडा ठेवला होता. माझं मानधन मात्र त्यांनी पूर्ण दिलं, पाकिटात सुट्या नोटा घालून. मी परत करायला गेलो तर म्हाताऱ्या अध्यक्षांना राग आला. त्या गावात मी आजही पहिला सामना विनामोबदला बोलतो, आणि तेही आता रागावत नाहीत.

यंदाचा शेवटचा सामना पेडण्यात झाला. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी 2023 पासून विमानं उडतात. एखादं डोक्यावरून गेलं की मी बोलणं थांबवतो आणि प्रेक्षक वर बघतात. जमिनीचे भावही त्याच दिशेने गेले आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काही जण शेतात प्लास्टिक, फुटलेल्या बाटल्या आणि रोवलेले बांबू काढायला गेलो. हे काम दर वर्षी स्वतः करायचं, असं मी ठरवून घेतलं आहे, कारण उद्या तिथे अनवाणी पाय चिखलात उतरणार असतात. मालक बांधावर उभे होते. जमीन बघायला माणसं येऊन गेली, असं ते म्हणाले. मी विचारलं, "भाई, मग फुडल्या वर्सा?"

"यंदा तरी भात लावतलों," ते म्हणाले. "कापणी जातकच ये."