पट्टी पिवळी राहिली पाहिजे

माझं बार्शीत औषधांचं दुकान आहे. घरात कुणी आजारी पडलं की नातेवाईक म्हणतात, तुम्हाला काय, औषध घरचंच. लेकीच्या आजारात मात्र कपाटात औषधं होती, पण ज्याची धास्ती होती त्यावर त्यातलं एकही चालणारं नव्हतं.

गणपती नुकतेच गेले होते. लेकीचा घसा दुखून बरा झाला होता, शाळा सुरू होती, आणि एका संध्याकाळी घोट्यांवर लाल ठिपके दिसले. दुसऱ्या दिवशी ते नडगीवर, पोटऱ्यांवर आणि मांड्यांच्या मागे चढले. काही जांभळे झाले होते. आई म्हणाली, पित्त उठलंय, आणि आमसुलाचं पाणी चोळलं. पण पित्ताच्या गांधी खाजतात आणि काही तासांत विरतात. हे ठिपके खाजतही नव्हते, हलतही नव्हते. बोट फिरवलं तर किंचित उंच लागायचे. काचेचा ग्लास वर दाबून पाहिला, तरी काचेखाली रंग तसाच. म्हणजे रक्त नसेतून बाहेर येऊन कातडीत साचलं होतं.

त्या दिवसांत गावात डेंगी होता. काउंटरवर प्लेटलेटशिवाय दुसरा विषय नव्हता. शेजारच्या काकू पपईच्या पानांचा रस वाटीत घेऊन आल्यासुद्धा. रक्ताचा रिपोर्ट आला : प्लेटलेट चार लाखांच्या वर. घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मला उलट जास्त भीती वाटली. प्लेटलेट भरपूर असताना रक्त झिरपतंय, तर दोष रक्तात नाही, नसेत आहे. गावातल्या बालरोगतज्ज्ञांनी तिला चालायला लावलं. ती लंगडत होती, एक घोटा सुजलेला. त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "लघवी तपासली का?" कुणीच तपासली नव्हती. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि सोलापूरला पाठवलं.

सोलापूरच्या डॉक्टर मॅडमनी फार तपासण्या केल्या नाहीत. कातडीचा तुकडा काढावा लागेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "लहान मुलांत इतकं स्पष्ट दिसत असेल तर गरज नसते." पायांवर आणि कुल्ल्यांवर ठिपके, प्लेटलेट नीट, सांधा सुजलेला, पोटात कळा. आजाराचं जुनं नाव हेनॉक-शॉनलाइन पर्प्युरा. दोघे एकोणिसाव्या शतकातले जर्मन डॉक्टर, शॉनलाइन गुरू आणि हेनॉक शिष्य. नावात मात्र शिष्य पुढे. 2012 पासून त्याला आयजीए व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. लहान मुलांना होणाऱ्या व्हॅस्क्युलायटिसमध्ये, म्हणजे रक्तवाहिन्या सुजण्याच्या आजारांत, हाच सर्वांत जास्त आढळतो.

घशाच्या किंवा सर्दीच्या आजारानंतर शरीर आयजीए नावाची प्रतिद्रव्यं तयार करतं. काही मुलांत ती नीट घडलेली नसतात. त्यांचे पुंजके बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अडकतात, भिंत सुजते आणि झिरपायला लागते. उभं राहिल्यावर रक्ताचा भार पायांवर, म्हणून ठिपके तिथेच. आतड्यातली नस सुजली की पोटात कळ येते, सांध्याजवळची सुजली की सांधा दुखतो. सांधे कायमचे बिघडत नाहीत, ठिपके डाग न ठेवता जातात. राहिली किडनी.

"उपचार?" मी विचारलं.

"पॅरासिटामॉल, वजनानुसार. पाणी. पाय जरा उंच ठेवून आराम. आणि लघवी बघत राहायची."

"स्टिरॉइड नको?"

त्या हसल्या. दुकानदाराकडून हा प्रश्न येणार हे त्यांना ठाऊक असावं. त्यांनी सांगितलं की ब्रिटनमध्ये साडेतीनशे मुलांवर चाचणी झाली, निकाल 2013 साली छापून आला. निम्म्या मुलांना सुरुवातीलाच प्रेडनिसोलोन दिलं, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. वर्षानंतर लघवीतल्या प्रोटीनमध्ये फरक नव्हता. किडनी वाचवायची म्हणून आधीच स्टिरॉइड देऊन उपयोग होत नाही. मी रोज हे औषध विकतो. सांधेदुखीवाली माणसं "ती बारीक गोळी" म्हणून चिठ्ठीशिवाय मागायला येतात आणि मी परत पाठवतो. त्या दिवशी मीच चिठ्ठीची आशा धरून बसलो होतो.

पुढे एका रात्री पोटात अशी कळ आली की ती गुडघे छातीशी घेऊन ओरडत होती. शौचात रक्त आलं. वैराग मार्गे सोलापूरचा तो रस्ता दिवसाही संपत नाही. तातडीने सोनोग्राफी झाली. या आजारात सुजलेलं आतडं कधी कधी शेजारच्या भागात घुसतं, आणि ते वेळेत कळलं नाही तर ऑपरेशनची वेळ येते. तसं काही नव्हतं. दाखल करून घेतलं, सलाइन लावलं, आणि मग मॅडमनी स्टिरॉइड सुरू केलं. कळ लवकर उतरली. पण त्यांनी बायकोला आणि मला समोर बसवून बजावलं : "हे पोटासाठी आहे. याने किडनी सांभाळली जाईल असं समजून लघवी तपासायचं थांबवू नका."

किडनीवर परिणाम तीस ते पन्नास टक्के मुलांना होतो, बहुतेकांना किरकोळ. जो व्हायचा तो बहुतेकदा पहिल्या महिन्यात दिसतो आणि जवळजवळ सगळ्यांत सहा महिन्यांच्या आत. म्हणून सहा महिने पहारा. आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याला, मग महिन्याला लघवी आणि रक्तदाब. पट्ट्या माझ्याच दुकानातल्या. मधुमेहाची माणसं नेतात त्याच प्रकारच्या, पण साखरेबरोबर प्रोटीन आणि रक्ताचे चौकोन असलेल्या. सकाळची पहिली लघवी, पट्टी बुडवायची, कड पुसायची, मिनिटभर थांबायचं आणि बाटलीवरच्या रंगांशी जुळवायचं. प्रोटीनचा चौकोन पिवळा राहिला तर ठीक, हिरवट झाला तर वहीत लिहायचं. बाटलीचं झाकण लगेच घट्ट लावायचं, नाहीतर हवेतल्या ओलाव्याने पट्ट्या खराब होतात. ट्यूबलाइटखाली पिवळा कुठला आणि हिरवट कुठला यावरून बायकोचं आणि माझं भांडण व्हायचं. शेवटी खिडकीपाशी उन्हात बघायचं ठरलं.

कठीण होतं ते लोकांना सांगणं. "औषध काय चालू आहे?" "काही नाही." "मग डॉक्टर बदला." आमच्याकडे गोळी नसलेला आजार कुणाला पटत नाही, आणि दुकान चालवताना मीही त्यावरच जगतो. मामेसासऱ्यांनी कुणाकडून तरी बिननावाची पुडी आणली. मी ती घेतली आणि कचऱ्यात टाकली. काय मिसळलंय याचा पत्ता नाही, काही पुड्यांत पारा-शिसं निघतं, आणि इथे राखायची होती किडनी. आयबुप्रोफेन द्या, पाय दुखायचे लगेच थांबतील, असंही एकाने सुचवलं. आतड्यातून रक्त गेलेलं आणि किडनीचा भरवसा नसताना ते मी देणार नव्हतो. शाळेत खेळाच्या तासानंतर ठिपके पुन्हा उमटले, तेव्हा बाईंना वाटलं संसर्ग आहे. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असं मॅडमकडून लिहून आणावं लागलं. ठिपके एक-दोनदा परत येणं या आजारात नवल नाही, साधारण तिसऱ्या हिश्शाच्या मुलांत येतात.

पट्टी हिरवट झाली तेव्हा आजाराचा पहिला महिना संपत आला होता. वहीत आधी 'ट्रेस', मग 'एक अधिक'. लघवीतल्या प्रोटीन-क्रिएटिनिनचं गुणोत्तर केलं. दोन दशांशाच्या आत असायला हवं ते चार दशांश होतं. रक्तदाब नीट, सूज नाही. मॅडम फोनवर म्हणाल्या, "थांबू. वाढलं तर औषध देऊ, वेळ पडली तर किडनीचा तुकडा तपासू. आज काही करायचं नाही." हे वाक्य ऐकून दुकानात बसणं फार अवघड होतं. समोर लोक खोकल्याचं औषध मागत होते आणि माझी बिलं चुकत होती. पुढच्या काही आठवड्यांत चौकोन पुन्हा पिवळा झाला आणि पिवळाच राहिला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत शेवटची तपासणी झाली. गुणोत्तर नीट, रक्तदाब नीट. वर्षातून एकदा दाखवा, असं मॅडमनी सांगितलं आणि फाइल परत देताना म्हणाल्या, "ही टाकून देऊ नका. पुढे लग्न होऊन ही गरोदर राहिली, तर तिथल्या डॉक्टरांना दाखवा. त्या काळात रक्तदाब आणि लघवी जास्त काळजीने बघावी लागेल."

आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, "अगं बाई, अजून हिला बुटाची नाडी बांधता येत नाही." पण घरी आल्यावर फाइल तिनेच मागून घेतली, आणि ट्रंकेत, तिच्या ठेवणीतल्या लुगड्यांखाली ठेवली.