ट्यूब तीच, उजेड वेगळा

गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिराती बघत मोठं झालेल्या आपल्यासारख्यांना अमेरिकेत गेल्यावर बसणारा एक छोटासा धक्का म्हणजे टॅनिंग सलून. लोक तिथे चक्क पैसे मोजून सावळे व्हायला जातात. वर ट्यूब, खाली ट्यूब आणि मध्ये टोस्टरमधल्या ब्रेडसारखा माणूस! ऑनसाइट असताना मी हे घरी फोनवर सांगितलं तेव्हा सगळे खो खो हसले. वाशिमला मे महिन्यात हे काम फुकटात होतं, तेही नको असताना.

मावशी तेवढी हसली नाही. दोन दिवसांनी तिचा फोन आला.

"काहून रे बापू, तो लाइटाचा पलंग इकडे आणता येत नाही का? पोरीची अकोल्याची चक्कर तरी वाचते."

पोरगी म्हणजे माझी मावसबहीण. बी.एस्सी. करते. दोन वर्षांपूर्वी तिच्या ओठांच्या कडेला आणि बोटांवर पांढरे डाग दिसायला लागले. व्हिटिलिगो, आपल्याकडे ज्याला कोड म्हणतात. अकोल्याच्या डॉक्टरांनी लाइट ट्रीटमेंट सांगितली, आठवड्यातून दोनदा. वाशिम ते अकोला साधारण ८० किलोमीटर. दिव्यासमोर उभं राहायचं काही मिनिटं, पण त्यात अख्खा दिवस जातो. एसटीचं तिकीट बायकांना अर्धं आहे, बुडालेलं प्रॅक्टिकल काही अर्ध्यात भरून निघत नाही. त्यात नातेवाईकांची "आता हिचं कसं होणार" ही कुजबुज सुरू झालेली.

मावशीचा प्रश्न अजिबात वेडगळ नव्हता. दोन्हीकडे ट्यूब, दोन्हीकडे अल्ट्राव्हायोलेट, दोन्हीकडे त्वचा सावळी होणार. मग फरक काय? म्हटलं, शनिवार-रविवार बसून नीटच वाचावं.

तर मंडळी, गंमत अशी की या सगळ्या ट्यूब एकाच घराण्यातल्या आहेत. आपल्या घरची जुनी ट्यूबलाइट आठवा. आत थोडासा पारा, दोन टोकांना फिलामेंट, सोबत चोक. वीज वाहायला लागली की पाऱ्याची वाफ मुख्यतः २५४ नॅनोमीटरचा किरण सोडते. तो डोळ्यांना दिसत नाही. काचेला आतून लावलेली पांढरी पावडर तो शोषून घेते आणि दिसणारा उजेड देते. पावडर न लावता क्वार्ट्झची किंवा तशी खास काच वापरली, की तोच २५४ चा किरण बाहेर येतो आणि वॉटर प्युरिफायरमध्ये जंतू मारतो. पावडर बदलून उजेड ३६५ च्या आसपास आणला, की मिठाईच्या दुकानातला माश्या पकडायचा निळा दिवा तयार. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर तेच, फर्मवेअर वेगळं.

टॅनिंगचे दिवे दोन जातींचे असतात. पहिली जात या साध्या ट्यूबची. साधारण १०० ते १६० वॉट, पावडर अशी की बहुतेक उजेड यूव्हीए म्हणजे ३१५ ते ४०० च्या पट्ट्यात, आणि जोडीला थोडा यूव्हीबी. काही ट्यूबमध्ये मागच्या बाजूला आतूनच रिफ्लेक्टरचा थर असतो. दुसरी जात हाय प्रेशरची. छोटासा क्वार्ट्झचा दिवा, आत पारा आणि धातूंचे क्षार, ताकद काहीशे वॉट. त्याच्यापुढे फिल्टरची काच लागतेच, कारण ती नसेल तर घातक यूव्हीबी आणि यूव्हीसी थेट अंगावर येतात.

बहिणीच्या दवाखान्यातली ट्यूब दिसायला अशीच, पण तिची पावडर ३११ नॅनोमीटरच्या आसपास एक अरुंद पट्टा देते. याला नॅरोबँड यूव्हीबी म्हणतात. ३०० च्या खालचे किरण त्वचा लवकर भाजतात आणि फायदा कमी देतात, म्हणून ते टाळलेले. व्हिटिलिगोवर हा पट्टा चालतो हे १९९७ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी दाखवलं.

आता मुद्द्याची गोष्ट. टॅन होतं ते त्वचेतल्या रंगपेशींमुळे. पांढऱ्या डागात त्या पेशीच उरलेल्या नसतात. म्हणजे टॅनिंगच्या पलंगावर झोपलं तर आजूबाजूची त्वचा काळवंडेल आणि डाग आणखी उठून दिसतील! ३११ ची ट्यूब शरीराचा त्या पेशींवरचा हल्ला थंड करते आणि केसांच्या मुळाशी शिल्लक असलेल्या पेशींना जागं करते. म्हणून रंग परत येताना आधी केसांभोवती बारीक ठिपके दिसतात.

मावशीकडे पुढचा प्रश्न तयारच होता. "मग बावची लावून झोपली तर?"

हेही हवेतलं नव्हतं. बावचीच्या बियांत सोरालेन असतं, आणि सोरालेन अधिक यूव्हीए ही डॉक्टरी उपचारपद्धतीच आहे. १९४० च्या दशकात इजिप्तमध्ये एल मोफ्ती यांनी अशाच एका वनस्पतीतलं सोरालेन आणि ऊन वापरून व्हिटिलिगोवर काम केलं होतं. पण तिथे डोस मोजलेला असतो. सोरालेन घेऊन टॅनिंगच्या पलंगावर गेलेले लोक गंभीर भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वर कॅन्सरचा धोका आहेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ मध्ये टॅनिंगची यंत्रं पहिल्या गटात टाकली, तंबाखूच्या पंगतीत. ब्राझीलने त्याच वर्षी त्यांच्यावर बंदी घातली.

"म्हणजे नाहीच म्हण ना," मावशी म्हणाली. चक्कर वाचायची तिची आशा मोडली, हे आवाजातच कळत होतं.

पण वाचता वाचता एक कामाची गोष्ट हाती लागली होती. ३११ चे हातात धरायचे छोटे दिवेही मिळतात. इंग्लंडमध्ये अशा दिव्यांची घरी वापरून चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. नुसत्या मलमापेक्षा मलम अधिक दिवा थोडा बरा ठरला, पण नेमाने करणं बऱ्याच जणांना जमलं नाही. मी बहिणीला एवढंच सांगितलं, की पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे विचार. त्यांनी आधी काही महिने दवाखान्यातच डोस बसवला. मग दिवा लिहून दिला आणि गॉगल, अंतर, सेकंद सगळं शिकवून पाठवलं. आता अकोल्याला महिन्यातून एकदाच जावं लागतं.

ती एका वहीत तारीख, सेकंद आणि दुसऱ्या दिवशीची लाली लिहिते. आमच्या टीममधल्या कोणाच्याही लॉगपेक्षा नीट! ओठांच्या कडेला ठिपके येऊन एकमेकांना मिळायला लागलेत. बोटं मात्र जशीच्या तशी आहेत. हातापायाची बोटं सगळ्यात हट्टी, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

परवा मावशीने दबक्या आवाजात विचारलं, "बोटं नाहीच भरली तर?" मी काही बोलायच्या आत मागून बहिणीचा आवाज आला, "तर प्रॅक्टिकल काय बोटं बघून घेतात का वं आई?"