काचेतला ओढा

स्वारगेटहून सुटलेल्या भोर गाडीत कुणाच्या मांडीवर फुगलेली प्लास्टिकची पिशवी दिसली, की शेजारचा आधी वाकून बघतो आणि मग विचारतो, "खायचे का शोभेचे?" पिशवीत थोडं पाणी, वर ऑक्सिजनची हवा, तोंडाला रबराचे चार वेढे आणि आत आठ-दहा गप्पी. ऊन लागून पाणी तापू नये म्हणून भोवती ओला टॉवेल. भोरला उतरायचं, मांढरदेवीच्या रस्त्याची गाडी धरायची आणि आंबवड्यात पायउतार व्हायचं. गावात ओढ्यावर भोर संस्थानच्या काळातला झुलता पूल आहे, पलीकडे नागेश्वराचं देऊळ. ज्या गावाच्या अंगाखालून पाणी वाहतं, त्या गावात कुणीतरी मासे पुण्याहून पिशवीतून आणतो.

पण मासे येतात ते शेवटी. आधी पेटी येते.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर 56 लिटर पाणी, म्हणजे तेवढेच किलो. वर काच, वाळू, दगड धरले की तांदळाच्या भरल्या पोत्यापेक्षा जड. टीव्हीशेजारच्या फळीला ते पेलत नाही. म्हणून लोखंडी स्टँड, त्यावर फळी आणि फळीवर थर्माकोलचा तक्ता. फळी जरा वरखाली असली तर ते अंतर थर्माकोल पोटात घेतो. नाहीतर पाण्याच्या दाबानं तळाची काच एका रेषेत तडकते. वाळू सात-आठ पाण्यांनी धुवायची, वरचं पाणी नितळ येईपर्यंत. दगडांसाठी मात्र दुकानात जायला नको. ओढ्यातला काळा बेसाल्ट पाण्यात काही सोडत नाही. पांढरट, चुनखडीचा खडा तेवढा टाळायचा. त्यावर लिंबू पिळलं की फसफसतो, आणि तसाच पेटीत ठेवला तर पाणी जड करून टाकतो.

नळाचं पाणी थेट ओतता येत नाही. ग्रामपंचायतीचा माणूस गावाच्या टाकीत क्लोरीनची टीसीएल पावडर टाकतो. माणसाचं पोट त्यानं सुखरूप राहतं, माशाचे कल्ले मात्र भाजतात. म्हणून बादल्या भरून दिवसभर उघड्यावर ठेवायच्या. क्लोरीन उडून जातो. मग वाळूवर एक ताटली पालथी ठेवायची आणि तिच्यावर सावकाश धार धरायची, म्हणजे वाळू उसळत नाही.

पेटी भरली, पंप गुरगुरू लागला, दिवा लागला. अशा वेळी घरातली आजी येऊन बघते, पुन्हा बघते.

"माशे कुठं हायेत रं?"

"अजून महिना हाय, आज्जे."

"मग नुसतं पानी कशाला पाळलंयस?"

तिनं थट्टेत म्हटलं, पण नेमकं तेच चाललेलं असतं. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. तो साठला की मासा स्वतःच्याच घाणीनं मरतो. नदीत या अमोनियाचा निकाल लावणारे जीवाणू दगडादगडावर बसलेले असतात. एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट बरंच सौम्य, ते पाणवनस्पती खातात आणि उरलेलं आठवड्याला पाव पाणी बदललं की निघून जातं. नव्या पेटीत ही वस्ती नसते. ती फिल्टरच्या स्पंजात, वाळूत, दगडावर रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर खाद्य टाकून ते कुजू द्यायचं, म्हणजे जीवाणूंना जेवण मिळतं. बहुतेक नव्या हौशी लोकांचे मासे पहिल्या पंधरवड्यात मरतात ते यामुळंच. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत असतं आणि मासे एकेक करून आडवे होत असतात.

महिन्यानं पिशवी पेटीत तरंगत ठेवायची, पंधरा-वीस मिनिटं, दोन्ही पाण्यांची ऊब सारखी होईतो. मग वाटीवाटीनं पेटीचं पाणी पिशवीत घालत राहायचं आणि शेवटी मासे जाळीनं उचलून सोडायचे.

गप्पी हा सुरुवातीला बरा, कारण काटक. गावाला तो नवाही नाही. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खातं त्याला हौदात, डबक्यात सोडत आलं आहे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि त्रिनिदादचा. तिथल्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थावरून 1866 मध्ये त्याला नाव मिळालं, आणि मराठीत ते असं मुरलं की मासा गप्पा मारतो म्हणून गप्पी, असंही कुणी सांगावं. निऑन टेट्रा आणायचा तर रायरेश्वराच्या डोंगराखालची थंडी आठवावी लागते. त्याला 24-25 अंशांची ऊब लागते आणि डिसेंबरच्या रात्री पेटीत हीटर नसेल तर तो कोपऱ्यात गोळा होतो.

पुलाखालच्या मासळीला मात्र कुठलाच हीटर लागत नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खन फिरून इथल्या नद्यांतले मासे गोळा केले आणि 1839 मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णनं छापली. नावं देताना त्यानं बऱ्याच ठिकाणी मराठी कोळ्यांच्या तोंडचेच शब्द उचलले. म्हणून जगभरच्या ग्रंथांत आज गार्रा मुल्या आहे, म्हणजे आपला मळ्या. आणि टॉर खुद्री आहे, म्हणजे दख्खनचा महसीर. मळ्या वीतभरही नसतो. हनुवटीखाली गोल चकती, तिनं तो धारेतल्या दगडाला चिकटतो आणि शेवाळ खरवडतो. काचेवर असा मासा बसला तर त्याचं तोंड खालून पाहता येईल. पण त्याला हवी असते धावत्या पाण्यातली हवा. लहान पंपाच्या बुडबुड्यांवर त्याचं भागत नाही.

हौसेचं ओझं रानातल्या माशावर पडतं तेव्हा काय होतं, ते केरळात दिसलं. तिथला लाल रेघेचा 'मिस केरळ' पेट्यांसाठी इतका पकडला गेला, की तो धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत जाऊन बसला. शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये त्याची वेगळी प्रजाती मांडली आणि तिला नाव दिलं सह्याद्रिया.

उलटी वाटही वाईट. पेटीत न मावणारा सकर मासा कुणीतरी दया येऊन नदीत सोडतो. उजनी धरणात तो कोळ्यांच्या जाळ्यात येतो, खरखरीत अंगानं जाळं फाडतो आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. आंबवड्याचं पाणी नीरेला जातं, नीरा नरसिंगपूरला भीमेला मिळते. पुलावरून रिकामी केलेली पिशवी कुठवर पोचेल, याचा हिशेब एवढा सरळ आहे.

आषाढात रात्री वीज जाते. पंपाची गुरगुर थांबते आणि त्या शांततेनं पहिली जाग येते ती आजीला.

"ऊठ रं, तुजं पानी गप झालं."

नातू बॅटरी फळीवर टेकवतो. गप्पी वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड लावून उभे असतात. तो तांब्या बुडवतो, हातभर उंच नेतो आणि धार सोडतो. पाणी फुटतं, हवा आत घेतं. पुन्हा बुडवतो. बाहेर ओढा दोन्ही काठ धरून चाललेला असतो, त्याचा आवाज खिडकीतून आत येत असतो, आणि आजी अंथरुणातूनच तांबे मोजत असते.