सावित्रीच्या मुखावरची फेरीबोट

गेल्या 25 डिसेंबरला आमच्या वस्तीतील पाच कुटुंबे मनुस्मृती दहन दिनासाठी महाडला गेलो होतो. चवदार तळ्यावर वंदना घेतली, क्रांतिस्तंभाला अभिवादन केले आणि रात्री महाडातच मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी मंडणगड तालुक्यातील आंबडवे या बाबासाहेबांच्या मूळ गावी जायचे ठरले होते. महाडहून तिकडे सरळ रस्ता आहे. ड्रायव्हरने तोच धरला असता. परंतु गाडीत बसता बसता आमच्याबरोबरच्या आजी म्हणाल्या, "पोरांनो, मला बोटीनं न्या. बाणकोटची खाडी एकदा पाण्यावरून ओलांडायचीय."

आजी मूळच्या खाडीकाठच्या. वय ऐंशी. लग्नानंतर मुंबईला आल्या त्या मुंबईच्याच झाल्या. त्यांचा शब्द कोण मोडणार? आम्ही गाडी उलट्या दिशेला वळवली आणि म्हसळ्यावरून, हरिहरेश्वरच्या बाजूने बागमांडल्याला निघालो.

दासगावचा धक्का

महाड सोडले की थोड्याच वेळात महामार्गावर दासगाव लागते. शेजारून सावित्री वाहते. आम्ही गाडी थांबवून मुलांना खाली उतरवले. महाडच्या लढ्याचे एक संघटक कॉम्रेड रामचंद्र बाबाजी मोरे यांची ही कर्मभूमी.

24 डिसेंबर 1927 रोजी बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले. बरोबर दोनशेच्या आसपास प्रतिनिधी होते. खरे तर धरमतरला उतरून तेथून मोटारीने महाडला येणे सोयीचे होते. पण मोटारवाल्यांनी सत्याग्रहींवर बहिष्कार टाकला तर? भर वाटेत अडकून पडायची वेळ आली असती. म्हणून दासगावचा जलमार्ग ठरला. मोटार मिळाली नाही तरी दासगावहून महाड पाच मैल, पायी जाता येते, हा त्यामागचा हिशेब होता. 25 तारखेला दुपारी मंडळी दासगावला उतरली. तेथे हजारो सत्याग्रही वाट पाहत उभे होते. जयघोष करीत मिरवणूक महाडकडे चालत निघाली आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

पाण्याच्या हक्काची लढाई आपल्या मुलांना पाठ असते. पण त्या पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी वाहन मिळेल की नाही, याचाही विचार आपल्या माणसांना करावा लागत होता, हे त्यांना सांगावे लागते. बाबासाहेब दहा वर्षांचे असताना, 1901 साली, मसूर स्टेशनवर कोणी गाडीवान त्यांना व त्यांच्या भावंडांना न्यायला तयार नव्हता. दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही शिवाशिव नको म्हणून मुलांना गाडी हाकायला लावून स्वतः बाजूने चालला. 1929 साली चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना बसवून घ्यायला नकार दिला. शेवटी आपल्यातल्याच एका माणसाने, सवय नसताना, टांगा हाकला. टांगा पुलावर आदळला आणि बाबासाहेब जबर जखमी झाले. तोवर ते बॅरिस्टर झालेले होते!

फळी खाली येते

बागमांडल्याच्या जेट्टीवर पोहोचलो तेव्हा बोट पलीकडे वेसवीला होती. अलीकडे श्रीवर्धन तालुका, रायगड जिल्हा. पलीकडे मंडणगड तालुका, रत्नागिरी जिल्हा. मध्ये सावित्रीचे रुंद मुख, आणि समोरच्या डोंगरावर बाणकोटचा किल्ला. महाबळेश्वरला उगम पावलेली आणि महाडजवळून वाहत आलेली सावित्री येथे समुद्राला मिळते. पूर्वी मुंबईहून दासगावला जाणाऱ्या बोटी याच मुखातून आत शिरत.

त्या काळी कोकणची वाहतूक आगबोटीवर चाले. पुष्कळ बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि माणसे पडावातून तिच्यापर्यंत जात. पावसाळ्यात सारे बंद. पुढे रस्ते झाले, एस. टी. आली आणि आगबोटी गेल्या. पण खाड्या होत्या तेथेच राहिल्या. माणसे तरीतून किंवा लाँचने पलीकडे जात, मोटारीला मात्र मोठा वळसा पडे. 2003 साली सुवर्णदुर्ग शिपिंगने वासिष्ठीच्या मुखावर दाभोळ ते धोपावे अशी फेरीबोट सुरू केली आणि माणसाबरोबर त्याची गाडीही खाडी ओलांडू लागली. त्यानंतर काही वर्षांत बागमांडले ते वेसवी ही फेरी सुरू झाली.

दाभोळचे नाव निघताच आमच्यातल्या एका ताईंनी मुलांना आठवण करून दिली की, माता रमाईचे माहेर वणंद त्याच दापोली तालुक्यातले. तिचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरातून माशांच्या टोपल्या डोक्यावरून बाजारात पोहोचवीत आणि त्यावर घर चालवीत. ज्या बंदरात आपला माणूस पाठ मोडेपर्यंत ओझी वाहत होता, तेथेच आज बोट ट्रकसुद्धा उचलून नेते.

एवढ्यात आमची बोट आली. ही बोट दिसायला अगदी साधी. तळ सपाट, त्यामुळे फार पाणी लागत नाही. वर मोकळा डेक आणि तोंडाशी लोखंडी फळी. जेट्टी उतरती बांधलेली असते. बोट तिला नाक लावते, साखळी सैल होते आणि फळी सिमेंटवर टेकते. भरती असो, ओहोटी असो, उताराच्या ज्या टप्प्यावर पाणी असेल तेथे बोट लागते. आधी आतल्या गाड्या बाहेर आल्या. मग खलाशाने हातवारे करीत एकेक गाडी आत घेतली. एका बाजूला वजन जास्त झाले तर बोट कलते, म्हणून जड गाड्या मध्यावर आणि मोटारसायकली कडेला. आमची गाडी, एक टेम्पो, मुंबईच्या पाहुण्यांची चकचकीत मोटार आणि माशाच्या पाट्या घेतलेल्या दोन बाया, सारे एकाच डेकवर आले.

हातात हात

तिकिटे फाडणारा मुलगा आजींजवळ आला. आजींनी कनवटीची नोट काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने सुटे पैसे मोजून आजींच्या हातात दिले आणि म्हणाला, "आजी, उन्हात नको, वर बाकावर बसा." आजी हसल्या. मग डोळ्याला पदर लावला. आम्ही घाबरलो. तेव्हा त्यांनी सांगितले.

लहानपणी वडिलांबरोबर त्या तरीतून खाडी ओलांडीत. सर्वांना बसवून झाल्यावर आपल्या माणसांना हाक यायची. जागा ठरलेली, अगदी टोकाला. उतारूचे पैसे हातात घेत नसत. फळीवर ठेवायचे, तरवाला त्यावर पाणी शिंपडून उचलायचा. 1956 साली दीक्षा झाल्याची बातमी गावात आली. पुढच्या खेपेला वडिलांनी पैसे फळीवर ठेवले नाहीत. हात पुढे करून उभे राहिले. तरवाला म्हणाला, "खाली ठेव." वडील म्हणाले, "हातात घे, नाहीतर तर सोडू नको." सारे उतारू ओरडू लागले. ओहोटी लागली तरी वडील हलले नाहीत. शेवटी तरवाल्याने हातात पैसे घेतले.

"तेव्हा मी भीतीनं रडत होते," आजी म्हणाल्या. "आबा मारामारी करतील असं वाटलं. त्यांनी नुसता हात पुढं धरला होता. आज त्या पोरानं न सांगता हात पुढं केला."

आमच्यातल्या पोरांचे मोबाईल खाली आले. कोणी काही बोलले नाही. वेसवी आली, फळी खाली पडली आणि आमची गाडी रत्नागिरी जिल्ह्यात उतरली.

आंबडवे

दुपारपर्यंत आंबडव्याला पोहोचलो. सुभेदार रामजी सकपाळांचे हे गाव. या गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर हे नाव झाले. फेब्रुवारी 2022 मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती रामनाथ कोविंद येथे येऊन गेले. आम्ही स्मारकात त्रिशरण-पंचशील घेतले. आजींनी मेणबत्ती लावली आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या.

या खाडीवर पूल व्हावा ही मागणी जुनी आहे आणि ती रास्तच आहे. अपरात्री आजारी माणसाला बोटीची वाट पाहायला लावणे बरे नव्हे. पण पूल झाला म्हणजे चिंता मिटली असेही नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ याच सावित्रीवरचा ब्रिटिश काळातला पूल पुरात कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. पूल असो वा बोट, गरिबाचा जीव तिच्यावर अवलंबून आहे हे चालवणाऱ्याने लक्षात ठेवले पाहिजे.

महाडला जाणाऱ्या धम्मबांधवांना आमची एक सूचना आहे. एक दिवस जास्त काढा आणि आंबडव्याला जाताना हा मार्ग धरा. निघण्यापूर्वी पहिल्या आणि शेवटच्या फेरीची वेळ विचारून घ्या. पावसाळ्यात जाणार असाल तर फेरी चालू आहे ना, हेही पाहा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला बरोबर न्या आणि बोटीवर त्यांच्या शेजारी बसा. त्यांच्याजवळ सांगण्यासारखे पुष्कळ असते, आपण विचारत नाही एवढेच.

परतीलाही आम्ही बोटीनेच आलो. या खेपेस आजींनी सर्वांची तिकिटे स्वतः काढली.