टिकून राहण्याचं गणित

वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातलं गाव, आणि हा सारा मुलूख कापसाचा. इथला कापूस मुंबईला न्यायचा म्हणून १८७० साली खामगावपर्यंत रेल्वे आली, तिच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. कापसाच्या मागोमाग आकडाही आला. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईला यायचे, त्यांच्यावर पैसे लागायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ते भाव येणं थांबलं, तेव्हा मडक्यातून चिठ्ठी काढून आकडा ठरू लागला आणि त्याचाच मटका झाला. अशा मुलखात पोकर स्पर्धेचे वरच्या पातळीचे डावपेच शिकण्यासारखे आहेत असं म्हटलं, तर ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडणार. तरीही मी ते म्हणतो. आकड्याच्या नादात माणूस जे मोजायचं विसरतो, नेमकं तेच हे डावपेच मोजायला शिकवतात.

दहा जण प्रत्येकी शंभर रुपये भरून स्पर्धेला बसले आहेत. प्रत्येकाला सारख्या चिप्स. बक्षिसं पाचशे, तीनशे आणि दोनशे. पहिल्याच डावात दोघांनी सगळ्या चिप्स पुढे सारल्या, एक बाद झाला आणि दुसऱ्याकडच्या चिप्स दुप्पट झाल्या. त्याच्या ढिगाची किंमत आता दोनशे रुपये झाली, असं कुणालाही वाटेल. पण तो पहिला, दुसरा किंवा तिसरा येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात मांडून हिशेब केला, तर ती किंमत साधारण १८४ रुपये निघते. उरलेले सोळा रुपये गेले कुठे? हातातले पत्ते टाकून स्वस्थ बसलेल्या आठ जणांकडे, प्रत्येकी जवळजवळ दोन रुपये. ज्याने जोखीम घेतली, त्याच्या विजयातला वाटा न खेळणाऱ्यांनी नेला. म्हणून बरोबरीच्या ढिगासमोर सर्वस्व लावायचं असेल तर जिंकण्याची शक्यता निम्मी असून भागत नाही, ती ५४ टक्क्यांच्या वर लागते. हा हिशेब १९८७ साली मेसन मालमथ याने पोकरसाठी मांडला. त्याच्या मुळाशी असलेलं सूत्र त्याआधी १९७३ मध्ये हारव्हिल नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने घोड्यांच्या शर्यतीसाठी दिलं होतं.

या गणितातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे मिळणारी चिप आणि जाणारी चिप सारख्या किमतीच्या नसतात. शेवटची चिप गेली की खेळ संपतो, आणि ढीग दुप्पट झाला म्हणून बक्षीस दुप्पट होत नाही. याचं टोक अशा स्पर्धांत दिसतं जिथे, समजा, पहिल्या दहा जणांना मोठ्या स्पर्धेचा सारखाच प्रवेश मिळतो. अकरा जण उरले आहेत, तुमचा ढीग भक्कम आहे, दुसरीकडे कुणीतरी शेवटच्या चार चिप्सवर तग धरून आहे. अशा वेळी तितकाच मोठा ढीग असलेल्याने सगळं पुढे सारलं, तर एक्क्यांची जोडी हाती असूनही पॅक करणं बरोबर ठरतं. सुरुवातीला पोकरमध्ये याहून चांगला हात नाही, आणि तरीही तो टाकायचा. पत्ते किती चांगले आहेत यापेक्षा हरलो तर काय जाईल, हा प्रश्न आधी विचारायला लावणारी दुसरी शिस्त मला पत्त्यांच्या जगात माहीत नाही.

संग्रामपूरच्या शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचं पाणी खारं, म्हणून भिस्त पावसावर. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टी झाली आणि पिकांबरोबर जमीनही खरवडून गेली. कपाशीच्या मध्ये तुरीच्या ओळी टाकणारा माणूस सगळ्यांत मोठ्या उत्पन्नामागे धावत नसतो. पुढच्या हंगामाला उभं राहता यावं, एवढी सोय तो करून ठेवतो. अर्थात शेतकऱ्याला जुगारी म्हणणं मला मान्य नाही. खेळाडू आपणहून बसतो आणि उठूनही जाऊ शकतो, शेतकऱ्याला ती मुभा नाही. साम्य आहे ते हिशेबात, आणि तो हिशेब इथे पिढ्यान्‌पिढ्या कागदाविना चालला आहे.

यावर जाणकार खेळाडूंचाच एक आक्षेप आहे: टिकण्याचा इतका ध्यास घेतला की माणूस भित्रा होतो. ते खरं आहे, आणि चांगला अभ्यास तेही शिकवतो. दर फेरीला भरावा लागणारा ब्लाइंड वाढत जातो, त्यामुळे नुसतं थांबणं फुकट पडत नाही. चिप्स दहा ब्लाइंडांच्या आसपास आल्या की वाट पाहणं हीच मोठी जोखीम ठरते, आणि साधारण पत्त्यांवरही सगळं लावावं लागतं. शिवाय वरचा हिशेब सगळे खेळाडू सारखेच हुशार धरतो आणि कोण कुठे बसलंय हे पाहत नाही. म्हणजे तो आधाराला घ्यायचा, हुकूम म्हणून पाळायचा नाही.

दुसरा आक्षेप जड आहे: कितीही सूत्रं सांगितली तरी हा जुगारच, आणि यात घरं बुडतात. इथे कायद्याने केलेला भेद पाहावा लागतो. आपल्याकडचा १८८७ चा जुगारबंदी कायदा निव्वळ कौशल्याचे खेळ वगळतो. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी मुख्यतः कौशल्याची मानली, तीन पत्ती तशी नाही असंही सुचवलं. पोकरबाबत उच्च न्यायालयांचं एकमत नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून ऑनलाइन खेळायच्या सगळ्याच खेळांवर बंदी आणली, कौशल्य असो वा नसो. ही बंदी मला अन्यायाची वाटत नाही, आणि ते मी या डावपेचांच्याच आधारे म्हणतो. कौशल्याचा फायदा दिसायला शेकडो स्पर्धा लागतात, तोवर नशीबच वर-खाली नेत राहतं, आणि दर स्पर्धेला आयोजक आपला वाटा कापतो. इतके हेलकावे सोसेल एवढी रक्कम बाजूला नसलेल्याने बसूच नये, हे या विद्येचं पहिलंच उत्तर आहे. दहातला एक आकडा लागला तर एकाला नऊ देणाऱ्या मटक्याला हेच गणित लावलं, तर तिथे शिकण्यासारखं काही उरतच नाही, फक्त सतत जाणारा दहावा हिस्सा उरतो.

पैसे काढून घेतले तर पोकरमध्ये काही राहत नाही, असंही म्हणतात. खेळण्याची झिंग कमी होईल, हे कबूल. गणित मात्र तसंच राहतं. दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यतेचं प्रकरण आहे आणि त्यात ५२ पत्त्यांची उदाहरणं आहेत. लाल पत्ता येण्याची शक्यता किती, हे वरवट बकालचं दहावीतलं पोर आजही सोडवतं. त्याच पोराला दहा जणांची ती स्पर्धा फळ्यावर मांडून द्यावी, आणि १८४ रुपये कुठून आले हे त्याचं त्याला काढू द्यावं. त्याला लागणारे गुणाकार-भागाकार त्याला सातवीतच आलेले असतात.