काठ

कोकणातून कोलकात्यास जाणाऱ्याची समजूत असते, की आता उताराशी संबंध संपला. रत्नागिरीकडे अंगण म्हटले की त्याखाली जांभ्या दगडाचा गडगा आलाच. गंगेच्या गाळावर वसलेल्या सपाट शहरात तो कशाला? पण तेथील जुन्या वस्त्यांत घरामागचे अंगण पुकुराकडे, म्हणजे तळ्याकडे, उतरत जाते आणि दर पावसाळ्यात त्याची थोडी माती पाण्यात जाते.

या काठाला बंगाली माणूस सालाचे वासे, त्याचे ‘शालबल्ला’, खोल ठोकतो आणि मागे बांबूचे तट्टे लावतो. लाकूड कुजते, म्हणून पुढे विटांची वा काँक्रीटची भिंत येते. भिंत बांधतात माती अडवण्यासाठी. तिला पाडते मात्र बहुधा पाणी. पावसाळ्यात भराव भिजून जड होतो, पण तेव्हा तळेही भरलेले असते. समोरचे पाणी भिंतीला एक प्रकारे टेकू देते. मासळीसाठी किंवा गाळ काढण्यासाठी तळे उपसले, की तो टेकू जातो आणि मागची माती ओलीच राहते. भिंत ढळते ती अशा कोरड्या, निर्धास्त दिवसांत.

उपाय गुपित नाही. भिंतीत पाणी निघायला भोके ठेवावीत, मागे विटांचे तुकडे भरावेत, पाया रुंद घ्यावा, भिंत किंचित मागच्या मातीच्या अंगाला कलती ठेवावी. चुन्या-सिमेंटावाचून रचलेला कोकणी गडगा यातले पहिले काम आपल्या सांध्यांतूनच करतो. म्हणून तो उचलून कोलकात्यात न्यावा असे मात्र नाही. तेथे खाली कातळ नाही, मऊ चिकणमाती आहे. वजन वाढवावे तशी भिंत खचते. खोल रुतणारा हलका वासा अडाणीपणाचा नव्हे, त्या मातीच्या ओळखीचा आहे.

मराठी माणसाचे नाव या शहराच्या मातीत राहिले तेही एका काठाशीच. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ मध्ये कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल झाले. मराठे शहरावर आले नाहीत, काम थांबले. १७९९ मध्ये त्याचा बराच भाग बुजवून सर्क्युलर रस्ता झाला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ एवढे नाव उरले. ज्याच्या काठाची कोणाला गरज नाही, तो खड्डा असा भरून येतो.

तळ्यांचेही हेच होऊ नये म्हणून पश्चिम बंगालच्या १९८४ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन तळी बुजवण्यास मनाई झाली. भिंतीला मात्र ती सहज चुकवता येते. जुनी ढासळली, की नवी हातभर पुढे, पाण्यात उभी करायची. मागची जागा भरावाने आपोआप अंगणात येते. पलीकडच्या काठावरचा शेजारीही तेच करतो. दोन्ही भिंती पक्क्या असतात, भोकेही व्यवस्थित ठेवलेली असतात, आणि मधले पाणी दरवेळी हात-दोन हात अरुंद होते.